गोठलेल्या मधाचा माग

नाशिक

भिवंडीला कोणी हौसेने फिरायला जात नाही. मीही हौसेने गेले नव्हते. माझ्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली मधाची बाटली होती आणि ती मी पुरावा म्हणून नेत होते.

माझं माहेर भिवंडीचं. लग्न होऊन नाशिकला आले, आता नवऱ्याबरोबर औषधांचं दुकान चालवते. धाकटा भाऊ नितीन पुण्याला असतो. आई गेल्यापासून अण्णा, म्हणजे आमचे वडील, भिवंडीच्या घरात एकटे. शाळेत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. स्वतःचं स्वतः करायचे, आणि आमच्याकडे कायमचं राहायला या म्हटलं की विषय बदलायचे.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर ते नाशिकला आले ते मधाची बाटली घेऊनच. "वज्रेश्वरीजवळ हिराबाई म्हणून आहेत, त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्यांमधला आहे," म्हणाले. तेव्हा मध पातळ होता, चमच्यावरून धार लागत होती. मी बाटली फडताळात ठेवली आणि विसरून गेले.

संक्रांतीला त्यांचा फोन आला. तिळगुळाचं बोलून झाल्यावर म्हणाले, "हिराबाई आणि मी लग्न करायचं ठरवलंय. नोंदणी पद्धतीने. तुम्हा दोघांना आधी सांगावं म्हटलं."

मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले, फडताळातून ती बाटली काढली आणि उलटी केली. मध हललाच नाही. तळापासून गळ्यापर्यंत पांढुरका, रवाळ, थिजलेल्या तुपासारखा झाला होता. चमचा खुपसला तर उभा राहिला.

नितीनला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "साखर आहे, ताई. सरळ साखरेचा पाक. जी बाई अण्णांना मध म्हणून पाक देते, ती पुढे काय काय करेल? भिवंडीच्या घरावर डोळा आहे तिचा."

मला ते पटायला वेळ लागला नाही. दुकानात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या परत येतात, झाकणापाशी साखरेचे खडे जमलेल्या. पाक गोठतो हे मला चांगलं माहीत होतं. शिवाय संशय घेणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे. खोक्यावरचा बॅच नंबर आणि तारीख पाहिल्याशिवाय मी माल आत घेत नाही. हिराबाईंवर तर काहीच छापलेलं नव्हतं.

भिवंडी

कसारा घाट उतरला की अंगातला स्वेटर टोचायला लागतो. शहापूर येईस्तोवर मी तो काढून पिशवीत कोंबला. भिवंडीच्या अलीकडे वडप्याच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन चटचटत होतं. लहानपणी या रस्त्याला दुतर्फा भातखाचरं होती. आता नजर जाईल तिथपर्यंत निळ्या पत्र्यांची गोदामं आणि त्यांच्या दाराशी उभे कंटेनर. रिक्षावाल्याने हिंदीत विचारलं, मी मराठीत सांगितलं, त्याने हिंदीत भाडं सांगितलं, मी मराठीत घासाघीस केली. नाशिकला असं झालं तर दोघांपैकी एक जण चिडतो. भिवंडीत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या आळीच्या मागेच कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने. खटखट खटखट चालूच असते. लग्नानंतर नाशिकला मला कित्येक महिने शांततेमुळे झोप लागत नसे.

अण्णांनी दार उघडलं आणि मला पहिला वास आला तो सुकटीचा. आमच्या घरात! आई असताना शेजारून असा वास आला तर खिडकी लावली जायची.

"जवळ्याची चटणी आहे थोडीशी," अण्णा म्हणाले. "चांगली लागते गं भाकरीबरोबर."

मी मनात दुसरा पुरावा म्हणून नोंद केली. चहा टाकायला ओट्याशी गेले, तर शेगडीशेजारी तशीच बाटली. तसंच झाकण, तसाच रुंद गळा. उचलून तिरकी केली. मध संथपणे काचेवरून सरकला. सोनेरी, पातळ, आरपार दिसणारा.

मी पिशवीतून माझी बाटली काढून शेजारी ठेवली. "अण्णा, हा तुमचा आणि हा आमचा. दोन्ही एकाच वेळचे ना?"

"एकाच पातेल्यातले. माझ्यासमोर भरले हिराबाईंनी."

"मग तुमचा पातळ कसा? आम्हाला साखर आणि तुम्हाला मध?"

अण्णा खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा वर्गात असायचा तसा झाला. "मधात मुख्यतः दोन साखरा असतात, सुजू. एक द्राक्षसाखर, ग्लुकोज. दुसरी फळसाखर, फ्रुक्टोज. पाणी अगदी थोडं. फळसाखर त्यात सुखाने राहते. द्राक्षसाखरेला मात्र तेवढं पाणी पुरत नाही. संधी मिळाली की ती बाहेर पडून खडे धरायला बघते. थंडी मिळाली की संधी मिळाली. तुझ्या नाशिकची जानेवारी तिला चांगलीच मानवते. माझी बाटली शेगडीजवळ असते, आणि भिवंडीत थंडी कुठे पडते?"

"दुकानातला मध नाही गोठत. वर्षभर फळीवर असतो."

"तो बहुतेक वेळा तापवलेला असतो आणि बारीक गाळलेला. खडा धरायला परागाचा, मेणाचा एखादा कण लागतो, तोच काढून टाकलेला असतो. आणि सगळे मध गोठतातच असंही नाही. ज्या मधात फळसाखर जास्त, तो न तापवताही कित्येक महिने पातळ राहतो. हा खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या फुलांचा आहे. तो लवकर गोठतो."

शाळेत हा माणूस मला खोटं शिकवेल अशी शंका मला कधी आली नव्हती. त्या दुपारी आली. प्रेमात पडलेला रसायनशास्त्राचा शिक्षक पाकाचीही बाजू घेऊ शकतो, असं मला वाटत होतं.

मग मी माझ्या परीक्षा सुरू केल्या. पेल्यात पाणी घेऊन दोन्ही मधांचे थेंब सोडले. दोन्ही तळाला गेले. काडेपेटीतल्या दोन काड्या मधात बुडवून पेटवल्या. पहिली पेटली नाही, दुसरी भडकली, आणि दोन्ही एकाच बाटलीतल्या होत्या.

"घट्ट पाकही तळालाच जातो," अण्णा शांतपणे म्हणाले. "आणि काडी पेटली नाही तर काडी ओली झाली, एवढंच कळतं. घरी बसून हे ठरत नाही, सुजू. प्रयोगशाळेत ठरतं. किंवा माणसाला बघून."

"मग उद्या बघूच," मी म्हटलं.

वज्रेश्वरी

रविवारी सकाळी आम्ही एसटीने निघालो. भिवंडी मागे पडली तसा रस्त्याकडेचा कापडाचा बारीक धागाही दिसेनासा झाला. आमच्याकडे तो झुडपांना, विजेच्या तारांना, सगळ्याला चिकटलेला असतो. अंबाडीच्या पुढे डोंगर जवळ आले. अण्णा खिडकीत बसून मला उतार दाखवत होते. "दिवाळीच्या आधी इथे सगळं पिवळं असतं. खुरासणी फुललेली." आता तिथे करडं गवत होतं. पिवळ्याबद्दल मला त्यांच्या शब्दावरच राहावं लागणार होतं.

देवीच्या देवळापासून जरा आत हिराबाईंचं घर. कौलारू, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात एक जुनी पांढरी व्हॅन. मागच्या आंबराईत झाडांच्या सावलीला निळ्या रंगाच्या पेट्या. हिराबाई दारात उभ्या होत्या. उंच, काटक, साठीच्या पुढच्या, केस घट्ट बांधलेले. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत असं पाहिलं की मला माझ्याच अंगावर कुठे तारीख छापली आहे का, असं वाटलं.

"तुमी सुजाता. या. पानी घ्या."

पाणी प्यायलो. चहा झाला. माझ्या पिशवीकडे बघून त्या म्हणाल्या, "बाटली आनलीय ना? मास्तर बोलले फोनवर. आधी तुमाला काय बगायचंय ते बगा. मंग बोलू."

मला वाटलं, हीसुद्धा एक चाल असेल. पण मी उठले. घराच्या बाजूला एक पडवी होती. तिथे रिकाम्या पेट्या, माश्यांना धूर द्यायचं धुराडं, मध काढायचं पत्र्याचं पिंप. आणि कोपऱ्यात, प्लास्टिकच्या कागदाखाली, पोतं. कागद उचलला. साखर. अर्धं पोतं संपलेलं.

सापडलं एकदाचं, असं मनात आलं. खरं सांगायचं तर त्यात आनंदही होता. मी हाक मारली, "अण्णा, इकडे या जरा."

ते आले, त्यांच्यामागे हिराबाईही आल्या. मी पोत्याकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

"साखर," हिराबाई म्हणाल्या. "पावसात फुलं न्हाय मिलत. माश्या बाहेर जात न्हाय. तवा साखरेचं पानी द्यावं लागतं, न्हायतर उपाशी मरतात. सगलेच देतात. पन त्या दिसांचा मध आमी काडत न्हाय."

"ते मी कशावरून खरं मानायचं?"

"नका मानू," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी तं न्हाय बोलली तुमाला माना म्हनून."

त्यांनी फळीवरून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. त्याच मधाची, त्यांच्या घरातली. वरचा मध पातळ होता आणि तळाशी बोटभर जाडीचा पांढरा रवा बसला होता. नाशिकला पूर्ण घट्ट, भिवंडीला पूर्ण पातळ, इथे अर्धा अर्धा.  अण्णांच्या भुवया वर गेल्या, जशा फळ्यावर गणित सुटल्यावर जायच्या.

"पाकही असाच बसेल," मी म्हटलं.

"बसंल," हिराबाई म्हणाल्या. "चला कुंडावर. गरम पान्यात ठेवू तुमची बाटली. पातल झाली का निदान खायला तरी येईल."

अकलोलीची गरम पाण्याची कुंडं तिथून जवळच, तानसा नदीच्या काठी. व्हॅन हिराबाईंनीच चालवली. अण्णा पुढे, मी मागे, रिकाम्या पेट्यांना धरून. कुंडांवर रविवारची गर्दी होती. बायका साड्या सावरून पायऱ्यांवर बसलेल्या, म्हातारे गुडघे बुडवून डोळे मिटून. गंधकाचा वास होता. नाशिकला गोदावरीच्या पाण्यात उतरताना अंग आकसतं. इथे लोक चटका सोसत आत जात होते आणि चेहरे मात्र सुखावलेले.

कुंडात बाटली नको म्हणून हिराबाईंनी बादलीत पाणी काढलं. "हलू हलू ठेवा," त्या म्हणाल्या. मला ते ऐकू आलं होतं. पण मला त्यांच्या सांगण्याप्रमाणे काहीच करायचं नव्हतं. मी बाटली सरळ बादलीत सोडली.

टक्क असा आवाज झाला. काच गळ्यापासून तळापर्यंत तडकली आणि एक मोठा तुकडा निखळून पडला. मी घाईने बाटली बाहेर काढली. माझ्या हातात बाटलीच्या आकाराचा पांढरा गोळा होता आणि त्याला चिकटलेली काच. बोटाला काप गेला. रक्ताचा थेंब मधावर पडला.

"मुद्दाम सांगितलंत तुम्ही गरम पाण्याचं," माझ्या तोंडून निघून गेलं. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

"सुजू!" अण्णा म्हणाले.

हिराबाईंनी माझा हात धरला. मी ओढून घ्यायला गेले, त्यांनी सोडला नाही. बोट उजेडाकडे धरून काच आत राहिली नाही ना ते पाहिलं, थंड पाण्याने धुतलं, स्वतःचा रुमाल फाडून पट्टी बांधली. हे सगळं करताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पट्टीची गाठ मारून झाल्यावर बघितलं.

"एक विचारू? रागवू नका. मध खोटा निघाला असता, तं तुमाला बरं वाटलं असतं ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. अण्णा बाजूलाच उभे होते. नदीवरून वारा येत होता आणि बोट ठसठसत होतं.

"हो," मी म्हटलं. "बरं वाटलं असतं. मग घरी जाऊन सांगता आलं असतं की हे लग्न नको म्हणून."

हिराबाईंनी मान हलवली, जणू एखाद्या पेशंटने दुखणं नेमकं कुठे आहे ते अखेर सांगितलं. "माजा भाऊ बी असंच करतो," त्या म्हणाल्या. "बोलतो, मास्तरांचा तुझ्या जमिनीवर डोला हाय. त्यानं वडप्याच्या जमिनीतला त्याचा हिस्सा गोदामवाल्याला दिला, माजा बी ते मागतात. त्याला वाटतं, मास्तर आला का मी कोनालाच द्यायची न्हाय. मागच्या महिन्यात तो तुमच्या आलीत जाऊन चौकशी करून आला. मास्तर दारू पितात का, कर्ज हाय का."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांना हे माहीत होतं, असं दिसलं. त्यांच्याबद्दल, आमच्या अण्णांबद्दल, कोणी असं विचारत फिरलं होतं! माझ्या अंगाची लाही झाली. आणि मग पुढच्याच क्षणी लक्षात आलं, की मी ज्याच्यावर रागावत होते त्या माणसाने केलं ते, आणि मी इथे आले ते, एकच होतं.

काच काढून टाकली. मधाचा तो गोळाही टाकावा लागला. पुरावा संपला.

घरी परतल्यावर हिराबाईंनी मला जाळीची टोपी घातली. "चला. तुमच्या हातानं काडा. तुमच्याच डब्यात भरा." पेटी उघडली तेव्हा आतून उबदार वास आला, मेणाचा आणि फुलांचा. माश्या गुणगुणत होत्या, लूमसारख्या नाही, त्याहून खूप हळू. थंडीत माश्यांनी स्वतःसाठी राखलेली एक चौकट मी उचलली. पोळ्याच्या घरांवर पांढरी मेणाची टोपणं होती. कडेचा हाताएवढा तुकडा कापून घेतला. बाकीची चौकट त्यांच्या पोटासाठी परत ठेवली. एक माशी मनगटावर डसली. हिराबाई हसल्या, त्या दिवसात पहिल्यांदाच. "आता तुमी घरच्या झाल्या," म्हणाल्या, आणि लगेच, जास्त बोलले की काय, असं वाटून पेटीचं झाकण लावायला वळल्या.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि जवळ्याची चटणी. मी आता बाजरी खाणारी नाशिककर झाले आहे. तांदळाची भाकरी मला कागदासारखी वाटते असं मी नेहमी म्हणते. त्या दिवशी तीन खाल्ल्या. चटणीला मात्र हात लावला नाही. अण्णांनी माझ्या वाटणीचीही संपवली.

परत

पोळ्यातला मध मी स्वतः पिळून, स्वतः गाळून नाशिकला नेला. महिना संपायच्या आत तोही गोठला. आधी तळाशी धूसर झाला, मग पांढरा, मग चमचा उभा राहिला. मी नितीनला कळवलं. तो म्हणाला, "साखर खाल्लेल्या माश्यांचाही गोठत असेल." खरं होतं.  मी म्हटलं, "तू ये आणि त्यांना बघ. मधाचं सोड."

चैत्रात भिवंडीला नोंदणी झाली. मी साक्षीदार म्हणून सही केली. नितीन आला होता. हिराबाईंचा भाऊही आला होता. दोघं भिंतीच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांवर पाळत ठेवत होते. मला त्या दोघांची कीव आली आणि हसूही.

नंतर सगळे घरी जेवायला आलो. श्रीखंड-पुरी होती, आणि आपल्या भावासाठी हिराबाईंनी घरून जवळ्याच्या चटणीचा डबाही आणला होता. नितीन सगळा वेळ त्या कुठे बसतात, कोणत्या खोलीत जातात, कपाटाकडे बघतात का, हे पाहत होता. मला ते दिसत होतं, कारण तसं बघायचं कसं हे मला माहीत होतं. हिराबाईंनी भांडी आवरली, पदर कमरेला खोचला आणि चपला शोधायला लागल्या.

"कुठे निघालात?" नितीन चमकून म्हणाला.

"घरी. एका पेटीत नवी रानी निघालीय, उद्या सकाली बगितलं न्हाय तं अर्ध्या माश्या उडून जातील."

"पण आज... म्हणजे आता तुम्ही इथेच राहणार ना?"

"इथं?" हिराबाईंनी खिडकीबाहेर लूमच्या दिशेने पाहिलं. "या खटखटीत कोन झोपंल, बाबा?"

नितीनने माझ्याकडे पाहिलं, मी अण्णांच्या खुर्चीकडे. ती रिकामी होती. खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. आम्ही गॅलरीत गेलो. अण्णा केव्हाच खाली उतरून व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसले होते. मांडीवर कपड्यांची छोटी बॅग होती आणि उशीर होतोय म्हणून ते पुन्हा पुन्हा हॉर्न वाजवत होते.